खरवडलेलं नाव

बाळगोंडा आण्णांनी मशीन तिसऱ्यांदा बंद केलं, तेव्हा मी माझ्या काचेच्या खोलीत बसून गालातल्या गालात हसत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकताना उगीच कुणाला माझी कीव यायला नको.

थोड्या वेळानं आण्णा माझ्या दारात आले. एका हातात पोस्टरचा ओला ताव, दोन बोटांत अलगद धरलेला, आणि दुसऱ्या हातात भिंग.

"रणजित, जरा बघ की," ते म्हणाले. "अक्षरात शाई बसंना झालीया. तीन प्लेटा केल्या, तरी खड्डेच."

मी ताव बघितला. सुरेख आला होता. अगदी मला हवा होता तसा.

जयसिंगपुरात सहाव्या गल्लीत शेडबाळ्यांचा हा छापखाना. लग्नपत्रिका, कारखान्याचे अहवाल, जत्रांची पोस्टरं, असलं सगळं तिथं छापलं जायचं. मी पुण्याहून कला शिकून आलेलो, चोवीस वर्षांचा, आणि डिझाइन म्हणजे काय ते अख्ख्या शिरोळ तालुक्यात मला एकट्यालाच कळतं अशा थाटात वावरणारा. आण्णा तिथले मशीनमन. चौगुले आडनाव, वय साठीला टेकलेलं, छत्तीस वर्षं एकाच मशीनपुढे उभे. त्यांची ख्याती एका गोष्टीची होती. त्यांच्या हातून निघालेलं काळं अक्षर भरून यायचं. टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका अक्षरात दिसला, की ते मशीन थांबवायचे, रोलर पुसायचे, प्लेट बदलायचे, आणि मालकांनी घाई केली तर मालकांनाही गप्प करायचे. नवं चार रंगांचं मशीन मे महिन्यात येणार होतं. ते आण्णाच चालवणार, असं शेडबाळेकाकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून आण्णा त्या मशीनसाठी मोकळ्या केलेल्या कोपऱ्यात दुपारी डबा खायला बसायचे. जागेची सवय होऊ दे, म्हणायचे.

आणि मी काय केलं होतं? खोचरेवाडीच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानाचं पोस्टर आलं होतं माझ्याकडे. पैलवानांची नावं ही लांबलचक, त्यात वस्तादाचं नाव, तालमीचं नाव, गावाचं नाव. ती एका ओळीत बसवायची तर अक्षर बारीक होतं, आणि पैलवानाचं नाव बारीक करून कसं चालेल? म्हणून मी उंच, चिंचोळी अक्षरं काढली. मग ती छापली, कागद चुरगाळला, पॉलिश पेपरनं घासला, आणि परत कॉम्प्युटरवर घेतली. खरबरीत, ओरखडे पडलेली, मातीत लोळून उठल्यासारखी अक्षरं. मला स्वतःचाच मुका घ्यावासा वाटत होता. मुंबईच्या एका स्पर्धेला पोस्टर पाठवायचं हेही मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आण्णांनी आधी माझी ती नुसती चिंचोळी अक्षरं बघितली होती, अजून न घासलेली. "जरा मोकळं बसू दे की अक्षराला," म्हणाले होते, "एसटीत स्टँडिंगला उभी केल्यासारखी दिसत्यात." सगळे हसले होते. ते माझ्या मनात सलत होतं. उगाच नाही म्हणत, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस फार लवकर दुखावतो.

तर आण्णा दारात उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. आण्णा, ते अक्षरच तसं आहे, मुद्दाम झिजवलंय. बस. पण मला वाटलं, राहू दे, तडफडू दे म्हाताऱ्याला जरा. सगळं कळतं ना यांना?

"ट्रेसिंग उजेडात धरून बघितलं," आण्णा म्हणाले. "त्यातच विरळ वाटतंय. का माझ्या डोळ्याला तसं दिसतंय? तुझ्या पडद्यावर भरलेलं हाय न्हवं?"

आमच्याकडे तेव्हा ट्रेसिंग कागदावर डिझाइन काढायचं आणि त्यावरून प्लेट करायची. ट्रेसिंगवरचं काळं हाताळताना निघतं, मग अक्षराला खड्डे पडतात. म्हणून त्यांची शंका अगदी रास्त होती.

"सगळं बरोबर आहे आण्णा," मी म्हणालो. "छापा बिनधास्त."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तावाकडे बघितलं, आणि मान हलवून गेले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मनाला न पटलेलं अक्षर छापलं. कारण शिकलेल्या पोरानं बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं.

पोस्टरं गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी खोचरेवाडीच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष हिंदुराव खोचरे छापखान्यात आले. हा माणूस एरवी दारातूनच हाळी देत यायचा. त्या दिवशी गप्प आला, काउंटरवर पोस्टर पसरलं, आणि पहिल्या नंबरच्या जोडीवर बोट ठेवून उभा राहिला. पैलवान संताजी खोचरे. त्यांच्या गावचाच मल्ल. खांदा निखळल्यावर दीड वर्षानं मातीत उतरत होता, आणि तेच नाव सगळ्यात मोठं असल्यामुळे माझे ओरखडेही त्यावरच सगळ्यात उठून दिसत होते.

हिंदुरावांनी जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. पोस्टरं लागल्यावर एखादी जोड मोडली, म्हणजे ठरलेली कुस्ती रद्द झाली, की त्या भागात कमिटीची माणसं गावोगाव फिरून त्या पैलवानाचं नाव पत्र्याच्या तुकड्यानं खरवडतात. खरवडलेलं नाव दिसलं की लोक समजतात, हा येत नाही. कुरुंदवाडपासून दत्तवाडपर्यंत दोन दिवस भिंतींवर संताजीचं नाव खरवडलेलं दिसत होतं. हिंदुरावांचा फोन थंड होईना. खांदा परत गेला का, लोक विचारत होते. समोरच्या मल्लाच्या वस्तादानंही विचारलं होतं. संताजीची आई गिरणीसमोरच्या भिंतीपुढं उभी राहून रडली होती, पोराला काहीतरी झालंय आणि आपल्याला कुणी सांगत नाही म्हणून.

"देवाचं मैदान हाय," हिंदुराव म्हणाले. "असलं छापून देताना कुणाचेच डोळे उघडे नव्हते का काय?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायचीही सोय नव्हती. माझी पाचावर धारण बसली. कच्चा नमुना मी त्यांना पोस्टकार्डाएवढा दाखवला होता. त्यात ओरखडे दिसलेच नव्हते, आणि ते झकास म्हणून गेले होते. आता हे मुद्दाम केलंय म्हणून सांगितलं, तर हा माणूस मला तिथल्या तिथं चितपट करील अशी खात्री होती. नोकरी जाईल ती वेगळीच.

शेडबाळेकाकांनी आण्णांना बोलावलं. काका मवाळ माणूस, पण गिऱ्हाईक गेलेलं त्यांना सोसत नसे. आण्णा हात पुसत आले, पोस्टर बघितलं, आणि कुणी काही विचारायच्या आधीच बोलले.

"मला छापतानाच दिसलं होतं. एकाच ट्रेसिंगवरनं तीन प्लेटा केल्या. माझ्याच हातानं ट्रेसिंग घासलं असंल."

मला वाटलं, आता पुढचं वाक्य येणार, रणजितला दाखवलं होतं, तोच छापा म्हणाला. ते वाक्य आलंच नाही. आण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काका म्हणाले, कॉम्प्युटरवर मूळ बघू, म्हणजे कळेल तरी चूक कुठं झाली ते. हिंदुराव पाणी पीत होते. मी पुढे झालो, खोलीत शिरलो आणि फाइल उघडली.

ही माझ्या आयुष्यातली अर्ध्या मिनिटाची गोष्ट आहे, आणि अठरा वर्षं झाली तरी ती सरलेली नाही. त्या प्रोग्रॅममध्ये चित्राचे थर असतात. खाली भरीव अक्षरं, आणि त्यांच्यावर मी घातलेला ओरखड्यांचा थर. प्रत्येक थरापुढे छोटासा डोळा काढलेला असतो. तो दाबला की तो थर दिसेनासा होतो. काकांची पावलं दारापाशी आली आणि मी डोळा दाबला. कुणी मला सांगितलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. बोट माझं होतं.

पडद्यावर काळीभोर, भरलेली, ठसठशीत अक्षरं आली. पैलवान संताजी खोचरे.

"इथं तर ठीक आहे," काका म्हणाले.

आण्णा त्यांच्या मागून वाकून बघत होते. फार वेळ बघितलं त्यांनी. मग खिशातलं भिंग काढलं, पडद्यावर धरायला म्हणून पुढे केलं, आणि तसंच परत खिशात ठेवलं.

"खरंय," म्हणाले. "माझंच चुकलं."

लोक म्हणतात, असल्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, आणि ती अशी आली की परत गेलीच नाही.

पोस्टरं त्याच दिवशी पुन्हा छापायची ठरली. काकांनी आण्णांना म्हटलं, तुम्ही आज जरा बसा, दुसऱ्या मशीनवरचा गजू काढील. मी गजूला नवं ट्रेसिंग दिलं, अर्थात ओरखडे काढून टाकलेलं. पहिल्याच तावाला अक्षर भरून आलं. येणारच होतं. पण सगळ्या छापखान्याला दिसलं ते एवढंच, की आण्णांना तीन प्लेटांत जमलं नाही ते गजूला एका प्लेटेत जमलं. आण्णांनी तो ताव भिंगाखाली धरला, एकेक अक्षर तपासलं आणि गजूच्या पाठीवर थाप मारली. "भरून आलंय," म्हणाले.

मैदान झालं. संताजी जिंकला की हरला हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मे महिन्यात नवं मशीन आलं. काकांनी गजूला शिकायला कोल्हापूरला धाडलं. आण्णांना बोलावून, फार गोड शब्दांत, आता उभ्यानं काम कशाला करता, बाइंडिंगला बसा, म्हणून सांगितलं. आण्णा बरं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते पाटावर बसून पत्रिकांना घड्या घालायला लागले. डबा खायला मात्र त्या कोपऱ्यात गेले नाहीत, तिथं आता मशीन होतं. मध्येच एक दिवस सुट्टी काढून ते मिरजेला डोळे दाखवून आले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

"डोळे झकास हायत म्हणाला," आण्णा म्हणाले. "म्हंजे हात गेला म्हणायचा."

ते असं बोलले, जणू शेजारच्या घरातलं कुणी गेल्याची बातमी सांगत होते. मी खोलीत जाऊन बसलो. कितीदा तरी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि परत येऊन बसलो. उद्या सांगू, एकटे सापडले की सांगू, काका नसताना सांगू. भेकड माणसाला मुहूर्त कधी सापडत नाही.

जूनमध्ये मुंबईहून पत्र आलं. स्पर्धेत माझ्या पोस्टरला पहिलं पारितोषिक. मी अर्थातच ओरखड्यांचं पोस्टर पाठवलं होतं, छापलेल्या त्या पहिल्या तावांपैकीच एक, आण्णांनी छापलेला. परीक्षकांनी अक्षरांचं कौतुक केलं होतं, आणि छपाईचंही. इतके बारीक ओरखडे कागदावर असे स्वच्छ उतरवणारा छपाईवाला विरळा, असं लिहिलं होतं. त्या जोरावर मला पुण्यात नोकरी लागली. पुढं मला नाव मिळालं ते असल्याच अक्षरांनी. आज पोरं माझ्याकडं शिकायला येतात, अक्षर कसं झिजवायचं ते.

पुण्याला जायच्या आधी मी ठरवलं, आता सांगायचंच. पेढ्यांचा पुडा घेतला, पत्र खिशात घातलं, आणि आण्णांच्या घरी गेलो. ते वाचून दाखवायचं आणि पाय धरायचे, एवढं पाठ करून ठेवलं होतं. पाच-सव्वापाच झाले असतील. जैनाचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवणं. पाट मांडून झाले होते. आण्णांच्या मंडळी, आक्का, चुलीशी होत्या. मला बघितल्याबरोबर त्यांनी आणखी एक ताट घेतलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. पेढे देवापुढे ठेवले, बक्षीस मिळालं ऐकून दोघंही हरखली, आणि कशाला मिळालं ते कुणी विचारलं नाही.

मी घास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आण्णा आक्कांना म्हणाले, "हाच तो पोरगा. मी तुला सांगितलं न्हवतं?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळची त्यांची नजर मला अजून सहन होत नाही. त्या म्हणाल्या की, हे रोज तुझं नाव काढतात. एवढं नुकसान झालं, अध्यक्ष अंगावर आला, पण पोरानं यांच्याविरुद्ध तोंडातून एक शब्द काढला नाही. मी चांगलं करून दिलं होतं, म्हाताऱ्यानं बिघडवलं, असं म्हणायला काय लागत होतं? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता. तुझ्या आईबापांचे संस्कार, म्हणाल्या.



आण्णा भाताचं आळं करत होते. सावकाश म्हणाले, "एक विचारायचं होतं तुला. बरं झालं आलास. इचलकरंजीच्या एका छापखानावाल्यानं माणूस धाडलाय. मशीनवर या म्हणतोय. कालपासनं इचार करतोय मी."

"मग जा की आण्णा," मी म्हणालो. फार घाईनं म्हणालो.

"जाईन. पण आधी एक सांग." त्यांनी जेवण थांबवलं. "त्या दिवशी पडद्यावर मी बघितलं, अक्षर भरलेलं होतं. पण कधीकधी वाटतं, तीनतीन प्लेटा, एवढं कसं चुकंल माझं? आधीपासनंच काही तसं होतं का? असलं तर सांग. मी कुणाला बोलणार न्हाई, शेडबाळ्यांना बी न्हाई. झालं ते झालं. पण मला कळलं, की मी बिनघोर मशीनपुढं जाऊन उभा राहीन. आणि माझाच हात गेला असंल, तर दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याचं काम नासायचं पाप नको."

दार उघडं ठेवलं होतं त्यांनी माझ्यासाठी. सताड उघडं. नुसती मान हलवली असती तरी भागत होतं. खिशात पत्र होतं, त्यात त्यांच्या हाताची वाहवा होती. पण समोर आक्का बसल्या होत्या, आईबापांचे संस्कार म्हणून बघत. त्या नजरेतून उतरायचं धाडस माझ्यात नव्हतं. एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी.

"भरलेलंच होतं, आण्णा," मी म्हणालो.

त्यांनी दोनदा मान हलवली.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "उद्याच नको म्हणून निरोप धाडतो त्यांना."

मग ते पुन्हा जेवायला लागले. बाहेर अजून ऊन होतं. मावळायच्या आत जेवून घे म्हणून आक्कांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, वर आमटी ओतली, आणि मी ती खाल्ली.